उपचार संपल्यानंतरची ओपीडी: टाटा रुग्णालयाचं ‘ॲक्ट क्लिनिक’, गोव्यातून जाणाऱ्यांसाठी

लहानपणी कर्करोग होऊन त्यातून बरे झालेल्यांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१पासून एक स्वतंत्र ओपीडी चालते. तिला ‘ॲक्ट क्लिनिक’ म्हणतात (आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट, म्हणजे उपचार संपल्यानंतरचं). उपचार पुरे होऊन दोन वर्षं गेली आणि आजार परतला नाही, की मुलाची नोंद इथे होते. पुढे ते कॉलेजात गेलं, नोकरीला लागलं, त्याचा संसार सुरू झाला, तरी तपासणीचा धागा इथून चालू ठेवता येतो.

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या ज्या घरांनी दोन-अडीच वर्षं मुंबईच्या फेऱ्या केल्या, त्यांना शेवटची केमो झाली की परळचं नावही नको वाटतं. ते अगदी समजण्यासारखं आहे. तरीही आमचं मत आधीच सांगतो: या क्लिनिकला जाच. तिथून एक कागद पक्का करून आणा, आणि मग वर्षातल्या बहुतेक तपासण्या गोव्यातच करून घ्या. ही सेवा एवढी मोलाची का, हे कळायला आधी ‘बरं होण्याचा’ आकडा नीट वाचता यायला हवा. तो फार वेळा चुकीचा वाचला जातो.

नव्वद टक्के म्हणजे नेमकं काय

‘नव्वद टक्के मुलं बरी होतात’ असं ऐकायला मिळतं, तेव्हा बहुतेक वेळा तो पाच वर्षं जगण्याचा दर असतो. ही पाच वर्षं निदानाच्या दिवसापासून मोजतात, उपचार संपल्यापासून नव्हे. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे एएलएल. त्याचे उपचारच दोन ते तीन वर्षं चालतात. म्हणजे पाच वर्षांचा टप्पा गाठलेलं मूल औषधांविना दोन-तीन वर्षंच राहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, ‘जिवंत’ आणि ‘आजार न परतता जिवंत’ हे दोन वेगळे आकडे आहेत. आजार परतला पण दुसऱ्या उपचारांनी मूल सावरलं, तर ते पहिल्या आकड्यात येतं, दुसऱ्यात नाही. तिसरी गोष्ट भारतात फार महत्त्वाची: उपचार अर्धवट सोडून गेलेली मुलं कुठे धरली? ठरलेले उपचार सलग चार आठवडे किंवा जास्त चुकले तर त्याला ‘उपचार सोडणं’ म्हणतात. काही अहवाल अशा मुलांना अपयशात मोजतात, काही हिशेबातूनच वगळतात. वगळलं की त्याच रुग्णालयाचा आकडा एकदम चांगला दिसू लागतो. म्हणून कुठल्याही केंद्राचा दर ऐकला की ‘सोडून गेलेली मुलं यात धरली आहेत का?’ हा एक प्रश्न जरूर विचारा.

आता प्रत्यक्ष आकडे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांपेक्षा कमी. २०१८ साली संघटनेने २०३०पर्यंत जगभर किमान ६० टक्के हे लक्ष्य ठेवलं. एएलएलमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शंभरातली दहा मुलंही वाचत नसत. आज श्रीमंत देशांत पाच वर्षांचा दर नव्वदीच्या घरात आहे. भारतातल्या चांगल्या केंद्रांचे आकडे साधारण ६० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात पडतात.

पण ‘मुलांचा कर्करोग’ हा एक आजार नव्हे. लसिका ग्रंथींचा हॉजकिन लिम्फोमा, मूत्रपिंडाची विल्म्स गाठ आणि वेळेवर ओळखलेला डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा यांत चांगल्या उपचारांनी दहातली नऊ किंवा त्याहून जास्त मुलं वाचतात. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात आजार पसरलेला नसेल तर दोन तृतीयांशाच्या आसपास, फुफ्फुसात पसरला असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. मज्जापेशींच्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीच्या जास्त धोक्याच्या गटात सुमारे निम्मी. मेंदूच्या देठातल्या डीआयपीजी या गाठीत मात्र आजही बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपास जातात. शेजारच्या घरातलं मूल बरं झालं म्हणून आपलंही होईल, किंवा ते गेलं म्हणून आपलंही जाईल, हे दोन्ही हिशेब चुकीचे.

भारतातला आणि श्रीमंत देशांतला फरक औषधांच्या नावांमुळे पडत नाही, औषधं बहुतांश तीच आहेत. फरक पडतो तो निदानाला झालेल्या उशिराने, उपचार मध्येच सुटल्याने आणि उपचारांदरम्यानच्या जंतुसंसर्गाने. टाटामध्ये उपचार नाकारणं किंवा सोडणं २००९च्या सुमारास वीस टक्क्यांच्या आसपास होतं. राहण्याची, पैशांची, जेवणाची सोय आणि समाजसेवकांचा पाठपुरावा उभा राहिल्यावर ते पाचएक टक्क्यांपर्यंत खाली आलं. हे एका नव्या औषधाच्या तोडीचं काम आहे.

केमो अजून चालू असलेल्या घरांसाठी इथेच दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण आकडा तिथेच घडतो किंवा बिघडतो. पहिली: गोव्यात पावसाळ्यात ताप आला की घरोघर ‘डेंगी असेल, दोन दिवस पाहू’ म्हणतात. केमो चालू असलेल्या मुलाला हे लागू नाही. एकदा १०१ किंवा तासभर १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसला, की पॅरासिटामॉलने दाबत न बसता थेट रुग्णालय गाठायचं. पांढऱ्या पेशी पडलेल्या असतील तर पहिलं अँटिबायोटिक पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवं. दाराशीच ‘केमो चालू आहे’ असं सांगा, रांगेत थांबू नका. दुसरी: एएलएलच्या शेवटच्या टप्प्यातली मर्कॅप्टोप्युरिनची रोजची गोळी. ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस पोटात गेले तर आजार परतण्याचा धोका वाढतो. महिन्याच्या तीसपैकी दोन चुकले की आपण ९३ टक्क्यांवर आलो. मूल हिंडतं-फिरतं, खातं-पितं, शाळेत जातं, म्हणून चवथीच्या गडबडीत गोळी राहून जाते. कॅलेंडरवर रोज खूण करा.

पाच वर्षांनंतर

पाच वर्षं पार झाल्यावर मूळ आजार परतण्याची शक्यता खूपच कमी होते. त्यानंतरचे धोके बहुतेक उपचारांमधून येतात. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो रुग्णांचा दीर्घ अभ्यास १९९४पासून चालू आहे. त्यात पाच वर्षं जगलेल्यांपैकी पुढच्या पंधरा वर्षांत दगावलेल्यांचं प्रमाण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निदान झालेल्यांत १२.४ टक्के होतं. १९९०च्या दशकातल्यांत ते ६ टक्क्यांवर आलं. कमी विषारी उपचार आणि चांगली देखरेख, दोन्हींचा यात वाटा आहे. त्याच अभ्यासाच्या २००६मधल्या निष्कर्षांनुसार, निदानानंतर तीस वर्षांत ७३ टक्के लोकांना एखादी तरी दीर्घकालीन व्याधी जडली आणि ४२ टक्क्यांची व्याधी गंभीर, अपंगत्व आणणारी किंवा जीवघेणी होती. ही माणसं १९७० ते १९८६ या काळातल्या जड उपचारांमधून गेलेली होती, आजच्या मुलांना तोच आकडा जसाच्या तसा लावू नये. पण दिशा तीच आहे. बरं होणं पाच वर्षांवर थांबत नाही, आणि म्हणूनच ॲक्ट क्लिनिकसारखी सेवा उपचारांचाच भाग मानायला हवी.

भेटीत काय होतं

पूर्ण दिवस हाताशी ठेवा. रक्ताच्या आणि इतर चाचण्या त्याच दिवशी सांगितल्या तर दुसरा दिवसही लागतो, त्यामुळे परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. उंची, वजन, रक्तदाब, वयात येण्याची लक्षणं आणि जुन्या ऑपरेशनच्या जागा पाहतात. मूळ फाइल समोर ठेवून कुठल्या औषधाचा पुढे काय परिणाम होऊ शकतो ते ठरवतात आणि त्यानुसार तपासण्या लिहून देतात. सरसकट सगळ्यांना सगळ्या तपासण्या नाहीत, हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण. शाळा कशी चालली आहे, मूल मित्रांत मिसळतं का, घरात आजाराबद्दल बोलतात का, हेही विचारतात. मुलाला आजाराचं नाव सांगितलं नसेल तर ते आधी सांगून जा. पंधरा वर्षांच्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळणं बरं नव्हे.

बरे झालेल्यांचा ‘उगम’ हा गट २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने सुरू झाला. आपल्या मुलाला तिथल्या पंचविशी-तिशीतल्या कोणाशी तरी बोलू द्या. डॉक्टरांच्या अर्ध्या तासाने जे होत नाही ते या भेटीने होतं.

तो एक कागद

क्लिनिकमधून नेण्याची खरी वस्तू म्हणजे उपचारांचा सारांश. पानभर किंवा दोन पानं. त्यात इतकं हवंच: आजाराचं पूर्ण नाव, टप्पा किंवा धोक्याचा गट, निदानाची आणि शेवटच्या औषधाची तारीख, प्रोटोकॉलचं (उपचारांच्या ठरलेल्या आराखड्याचं) नाव, प्रत्येक महत्त्वाच्या औषधाचा एकूण डोस, रेडिएशन दिलं असल्यास शरीराचा नेमका भाग, ग्रे या एककातली मात्रा आणि तारखा, ऑपरेशनमध्ये काय काढलं, रक्त चढवल्याची नोंद, आणि उपचारांदरम्यानचे मोठे त्रास. ‘केमो दिली’, ‘रेडिएशन दिलं’ एवढंच लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड पुढे वीस वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचं नसतं.

एकूण डोस काढताना एक चूक हमखास होते, म्हणून ती नीट मांडतो. मुलांचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, मिलिग्रॅम दर चौरस मीटर असा. उंची ११० सेंटिमीटर आणि वजन १८ किलो असेल तर दोन्हींचा गुणाकार १९८०, त्याला ३६०० ने भागलं की ०.५५, त्याचं वर्गमूळ ०.७४ चौरस मीटर. दर चौरस मीटर ३० मिलिग्रॅमचा डोस म्हणजे प्रत्यक्ष २२ मिलिग्रॅम. असे चार डोस दिले तर कार्डावरची बेरीज ८८ दिसते, पण मोजायचा डोस १२० आहे. कार्डावर नुसते मिलिग्रॅम असतील तर प्रत्येक डोस त्या-त्या दिवशीच्या पृष्ठभागाने भागून मगच बेरीज करायची, कारण दोन वर्षांत मूल वाढलेलं असतं.

हृदयासाठी महत्त्वाची ती लाल औषधं, डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन. डॉनोरुबिसिनचा डोस साधारण निम्मा धरून डॉक्सोरुबिसिनमध्ये मिळवतात. वरच्या मुलाला १२० डॉनोरुबिसिन आणि पुढच्या टप्प्यात १२० डॉक्सोरुबिसिन मिळालं असेल तर एकूण ६० अधिक १२०, म्हणजे १८०. आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे २५० किंवा जास्त असेल तर दर दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), १०० ते २५०च्या मधे असेल तर दर पाच वर्षांनी, आणि १००च्या खाली असून छातीला रेडिएशन नसेल तर नियमित इकोची गरज नाही. म्हणजे या मुलाला पाच वर्षांनी एक इको पुरे. कागद नसला की एक डॉक्टर दरवर्षी इको करायला लावतो आणि दुसरा कधीच नाही, दोन्ही वाईट.

टाटाऐवजी मणिपालला, बेळगावला किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) उपचार झाले असतील, तरी हा सारांश तिथल्या विभागाकडून मागून घ्या. जुन्या फाइली सगळीकडे कायम ठेवल्या जातात असं धरून चालू नका. मुलाचा फाइल क्रमांक, सारांश आणि पहिला पॅथॉलॉजी रिपोर्ट स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. गोव्याच्या दमट हवेत कपाटातला कागद दहा वर्षं टिकतोच असं नाही.

बांबोळीत काय होऊ शकतं

या सेवेची एकच मोठी अडचण म्हणजे अंतर, आणि ती बरीचशी टाळता येते. इको, थायरॉइड, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), लघवी आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या यांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. गोमेकॉत किंवा म्हापसा-मडगावच्या चांगल्या केंद्रांत त्या होतात. मात्र काय मागायचं ते नेमकं ठाऊक हवं.

इकोच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ हा शब्द पुरेसा नाही. इजेक्शन फ्रॅक्शनचा (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्याचा) आकडा लिहून मागा, शक्य असेल तर स्ट्रेनही, म्हणजे हृदयाचा स्नायू किती आकसतो त्याचं माप. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी करा, म्हणजे साठवरून बावन्नवर आल्याचं दिसेल. वेगवेगळ्या ठिकाणच्या आकड्यांत मोजणाऱ्याच्या हाताचा फरक मिसळतो. लाल औषधं मिळालेली मुलगी पुढे गरोदर राहिली तर आधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत इको करायला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगावंच लागेल, कारण बाळंतपणाच्या कार्डावर लहानपणच्या कर्करोगाचा रकाना नसतो.

थायरॉइडमध्ये सर्वांत जास्त चूक होते. मानेला रेडिएशन असेल तर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) वाढून दिसतं आणि तेवढ्याने भागतं. पण डोक्याला रेडिएशन मिळालं असेल तर बिघाड मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असू शकतो. तेव्हा टीएसएच अगदी व्यवस्थित येतं आणि मूल मात्र थकलेलं, वाढ खुंटलेलं राहतं. अशा मुलाची फ्री टी-४ (थायरॉइडच्या स्वतःच्या संप्रेरकाची चाचणी) टीएसएचच्या जोडीने करायलाच हवी. लॅबच्या ‘थायरॉइड प्रोफाइल’मध्ये कधी ती असते, कधी नुसती टी-३, टी-४ असते; नाव वाचून पैसे भरा. डोक्याला १८ ग्रे किंवा जास्त मात्रा असेल तर वाढीच्या संप्रेरकाची कमतरता संभवते, म्हणून दर सहा महिन्यांनी उंची एकाच पट्टीवर मोजून आलेखावर मांडा. मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, किंवा मुलीला तेरापर्यंत आणि मुलाला चौदापर्यंत काहीच दिसलं नाही, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे) जा. पुढच्या वार्षिक भेटीची वाट पाहू नका.

सिसप्लॅटिन हे केमोचं औषध मिळालेल्या मुलांचं ऐकणं आधी वरच्या स्वरांत जातं, ४००० ते ८००० हर्ट्झमध्ये. घरात हाक मारली की ओ देतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. वर्गात मात्र स, श, फ असली अक्षरं निसटतात आणि शेरा येतो ‘लक्ष देत नाही’. साध्या कुजबुजीच्या चाचणीत हे पकडता येत नाही, ८००० हर्ट्झपर्यंतची ऑडिओमेट्री हवी. सिसप्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड मूत्रपिंडालाही त्रास देतात. विल्म्समुळे एक मूत्रपिंड काढलेल्या मुलाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजायचा, वर्षातून एकदा लघवीत प्रथिनं पाहायची, आणि तापाला किंवा फुटबॉलच्या दुखापतीला डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन द्यायचं नाही.

ब्लिओमायसिन हे हॉजकिनमधलं नेहमीचं औषध, आणि गोव्यासाठी त्याची एक खास सूचना आहे. ज्याला ते मिळालं आहे त्याने ग्रँड आयलंडला स्कुबा डायव्हिंगला जाण्याआधी फुफ्फुसांच्या तज्ज्ञाची परवानगी घ्यावी. कुठल्याही ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे आधी सांगावं, कारण जास्त प्रमाणातला ऑक्सिजन अशा फुफ्फुसांना त्रास देऊ शकतो. डायव्हिंगच्या फॉर्मवर ‘दमा आहे का’ एवढं पाहून सही करणारी मुलं पुष्कळ असतात. रेडिएशन मिळालेली त्वचा दुपारच्या उन्हात उघडी ठेवू नये, किनाऱ्यावर तर नाहीच.

छातीला १० ग्रे किंवा जास्त रेडिएशन मिळालेल्या मुलींना तरुण वयातच स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वयाची पंचवीस वर्षं किंवा रेडिएशननंतर आठ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करतात. चाळिशीनंतर पाहू असं सांगणारा डॉक्टर भेटला तर सारांश त्याच्या समोर ठेवा. दोन्ही डोळ्यांना रेटिनोब्लास्टोमा झालेल्या मुलाची गोष्टही पूर्ण कुटुंबाची असते: जनुकीय तपासणी, नंतर जन्मलेल्या भावंडाचे डोळे जन्मापासूनच पाहणं, आणि हाडात दुखणं किंवा गाठ आली तर ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून न सोडणं.

आता तिशी ओलांडलेल्यांसाठी: २००१च्या आधी रक्त चढवलं असेल तर हिपॅटायटिस सीची चाचणी एकदा करून टाका. रक्तपेढ्यांत ही तपासणी २००१पासून बंधनकारक झाली. आजार निघालाच तर आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो.

लसींचं बहुतेकांकडून राहून जातं. केमो संपून सहा महिने झाले की राहिलेल्या आणि पुन्हा द्यायच्या लसींचं वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या, त्यात गोवर आणि कांजण्यांच्या जिवंत लसीही येतात. यासाठी दोन वर्षं थांबायचं नाही, म्हणजे हे काम ॲक्ट क्लिनिकच्या आधीचं आहे.

शाळेबद्दल एवढंच, की डोक्याला रेडिएशन मिळालेली मुलं हुशार असूनही लिहायला आणि आकडेमोडीला वेळ जास्त घेतात. हे उपचारानंतर दोन-तीन वर्षांनी ठळक होतं, नेमकं तेव्हा शाळेतले सगळे ‘आता बरा झाला’ म्हणत असतात. नववीच्या आधी मानसशास्त्रीय चाचणी करून घेतली तर गोवा बोर्डाकडे विशेष गरजांच्या मुलांसाठीच्या सवलतींचा अर्ज वेळेत करता येतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही.

जाणं, राहणं, पैसे

कोकणकन्या एक्स्प्रेस गोव्यातून संध्याकाळी निघून सकाळी दादरला सोडते, तिथून परळ जवळ. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठीच नव्हे, तर ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही रेल्वेची सवलत आहे: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला १०० टक्के, सोबतच्या एकाला त्याच वर्गांत ७५ टक्के. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, म्हणून या भेटीतच पुढच्या भेटीचं प्रमाणपत्र मागून घ्या. तिकीट आरक्षण खिडकीवर काढायचं, मूळ प्रमाणपत्र आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन. चतुर्थी आणि मे महिन्याच्या सुट्टीत या गाड्या भरलेल्या असतात. तपासणीला घाई नसते, त्यामुळे जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारीची तारीख मागणं बरं.

राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी फार जुनी आणि स्वस्त. २००६पासून चालणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मोफत घरं मुख्यतः उपचार चालू असलेल्या मुलांसाठी आहेत. नवीन निदान झालेल्या घराने समाजसेवकांमार्फत तिथे लगेच अर्ज करावा.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण मिळतं. ती मुख्यतः भरती करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे, तपासणीच्या फेऱ्यांचा खर्च त्यात धरू नका. आजार परतला किंवा एखादं ऑपरेशन निघालं तर मात्र कार्ड चालू असणं लाखमोलाचं, म्हणून मूल बरं झालं तरी नूतनीकरण चुकवू नका.

खाजगी आरोग्य विमा घेताना लहानपणचा कर्करोग लपवू नका. क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करून नकार येतो. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, त्यामुळे अठराव्या वर्षी पॉलिसी काढली तर एकविसाव्या वर्षापर्यंत तो काळ संपतो. अर्जाला उपचारांचा सारांश आणि ॲक्ट क्लिनिकचं ताजं पत्र जोडा. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीलाही हीच दोन कागदपत्रं चालतात, फक्त पत्र सहा महिन्यांच्या आतलं असू द्या.